रुळाच्या पोटावरची अक्षरे

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेला, यार्डाच्या कुंपणात किंवा फाटकाच्या आसपास लोखंडी खांब दिसतात. त्यातला एखादा जवळ जाऊन पाहावा. तो खांब म्हणून घडवलेला नाही हे पहिल्या नजरेतच कळते. त्याला जाड गोलसर डोके आहे, मध्ये अरुंद उभी पट्टी आहे आणि दुसऱ्या अंगाला रुंद सपाट पाय आहे. हा रूळ आहे. आयुष्यभर आडवा पडून गाड्या पेलल्यानंतर आता तो उभा राहिला आहे.

त्याच्या मधल्या पट्टीवर, रेल्वेतले लोक जिला वेब म्हणतात तिच्यावर, उठावाची अक्षरे असतात. लाल तापलेला रूळ कारखान्यात रोलांमधून बाहेर पडतो तेव्हा रोलावर कोरलेली अक्षरे त्याच्या अंगावर उमटतात. रंग उडतो, पाटी पडते, पण ही अक्षरे पोलादाचीच असल्याने रुळाइतकीच टिकतात. त्यात कारखान्याचे नाव असते, पोलादाचा दर्जा असतो, साल असते आणि वजन असते. 52 म्हणजे एका मीटरला 52 किलो, 60 म्हणजे 60 किलो. जुन्या खांबावर 90 आर दिसले तर ते एका यार्डाला 90 पौंड, म्हणजे मीटरला साधारण साडेचव्वेचाळीस किलो. खांब उभा असल्याने ही ओळ खालून वर चढत जाते आणि वाचताना मान तिरकी करावी लागते. मला हे वाचन फार आवडते. आपल्याकडे सार्वजनिक वस्तूंवर उद्घाटन करणाऱ्याचे नाव असते, घडवणाऱ्याचे आणि घडवल्याच्या तारखेचे क्वचितच असते. इथे ते प्रत्येक नगावर आहे.

पण जास्त सांगतात त्या न लिहिलेल्या खुणा. खांबाच्या टोकाशी दोन गोल भोके असली तर हा रूळ सांध्यांच्या काळातला आहे. त्या भोकांतून दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट गेलेले होते आणि प्रत्येक चाकाने त्या सांध्यावर एकेक ठोका दिलेला होता. आता त्यातून कुंपणाची तार ओवलेली असते. डोक्याची एकच बाजू तासल्यासारखी तिरपी झालेली दिसली तर तो वळणावरचा, बाहेरच्या अंगाचा रूळ. वळताना चाकाची कड त्यालाच घासत जाते. आणि पायाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला तर दर दोनेक फुटांवर गंजाने खाल्लेला खळगा लागतो. त्या त्या जागी खाली स्लीपर होता, वर रूळ धरून ठेवणारी लायनर आणि क्लिप होती. त्या फटीत पाणी साचून राहिले आणि समुद्राच्या बाजूच्या खाऱ्या हवेने तिथेच पोलाद पोखरले. किलोमीटरला 1,660 स्लीपर घातले की दोन स्लीपरांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर पडते. खळग्यांमधले अंतर वितीने मोजले की या रुळाखाली स्लीपर किती दाट होते याचा अंदाज बांधता येतो. धरमतरच्या खाडीचे वारे खाणाऱ्या पेणच्या मुलखात हे खळगे समजायला वेगळे शिक्षण लागत नाही; इथल्या प्रत्येक लोखंडी खिडकीने ते अनुभवलेले आहेत.

आजकाल टाकाऊ वस्तूंतून रेल्वेची बांधकामे करण्याची, शाश्वततेची चर्चा जोरात असते. ती व्हायलाच हवी. पण या खांबासमोर उभे राहिल्यावर लक्षात येते की रेल्वेत ही रीत मुरलेली आहे आणि तिच्यात एक शिस्त आहे. त्या शिस्तीचे मला मनापासून कौतुक आहे, म्हणून हे लिहितो आहे.

रुळाची उतरंड मोठी शहाणपणाने रचलेली आहे. मुख्य मार्गावरच्या रुळाने किती वजन वाहिले याचा हिशेब दशलक्ष टनांत ठेवला जातो. नव्वदच्या दर्जाच्या पोलादाचा 60 किलोचा रूळ सुमारे 800 दशलक्ष टन वाहून झाला की त्याची पाळी आली असे धरतात. 52 किलोच्या रुळाला हा आकडा 525 आहे. झिजेलाही मर्यादा आहे. 60 किलोच्या रुळाचे डोके वरून 13 मिलिमीटर झिजले, 52 किलोचे 8 मिलिमीटर झिजले की तो मुख्य मार्गावरून निघतो. निघतो म्हणजे भंगारात जात नाही. तो तपासतात, पोटात कुठे तडा आहे का हे अल्ट्रासॉनिक यंत्राने पाहतात, ठोके खाऊन वाकलेली टोके कापून टाकतात आणि उरलेला चांगला भाग पुन्हा जोडून लूप लाइनला, यार्डाला, सायडिंगला देतात. तिथे गाडी हळू चालते, जबाबदारी कमी असते. तिथूनही निवृत्त झाला की फाटकावरच्या उंचीच्या कमानीला, यार्डाच्या शेवटच्या अडथळ्याला, हद्दीच्या खुणेला किंवा कुंपणाला त्याचे तुकडे लागतात. अगदी शेवटी लिलाव आणि भट्टी. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: याच्यात अजून किती जीव आहे आणि तेवढ्या जिवाला साजेसे काम कोणते? वस्तूकडे पाहण्याची इतकी आदराची पद्धत मला दुसरीकडे फार दिसलेली नाही.

या उतरंडीतले सर्वांत देखणे काम मोठ्या पुलांवर पाहायला मिळते. नागोठण्याजवळ आंबा नदी ओलांडताना प्रवाशांचे लक्ष पाण्याकडे असते, पण मोठ्या पुलावरून जाताना रुळांकडेही पाहावे. धावत्या दोन रुळांच्या आत आणखी दोन रूळ असतात. त्यांना गार्ड रेल म्हणतात. यासाठी सहसा वापरून झालेले रूळच लावतात. धावत्या रुळापासून साधारण 25 सेंटिमीटर आत, त्याला समांतर ते पूल पार करतात आणि पुलाबाहेर आल्यावर वाकत वाकत मध्यभागी एकमेकांना भेटतात. चाक घसरलेच तर डबा पुलाच्या कडेला जाऊ नये, या दोन रुळांमध्ये अडकून मार्गाच्या रेषेतच ओढला जावा, यासाठी ही योजना. एरवी कोणतेही चाक त्यांना स्पर्श करत नाही. ज्याच्यावरून गाड्या नेणे आता जोखमीचे, त्यालाच जोखमीच्या जागी पहाऱ्याला उभे केलेले आहे, आणि ते काम तो पुरेपूर करू शकतो. डोक्याची झीज इथे आड येत नाही. लागते ती अंगातली ताकद, आणि ती शाबूत असते.

आता स्लीपरांकडे वळू, कारण तिथे ही गोष्ट अवघड होते. पेणच्या गणपती कारखान्यांत एक भेद पोरासोरांनाही ठाऊक असतो. शाडूच्या मूर्तीचे कोरताना पडलेले तुकडे पाण्यात भिजत घातले की पुन्हा मळायला तयार. प्लॅस्टर ऑफ पॅरिस एकदा आवळले की त्याची पुन्हा मूर्ती होत नाही. रेल्वेतले पोलाद शाडूच्या जातीचे आहे आणि काँक्रीट प्लॅस्टरच्या. जुने बिडाचे सीएसटी-9 स्लीपर, पोलादी पन्हाळ्यांसारखे स्लीपर, हे मार्गावरून उठले आणि भट्टीत जाऊन दुसरे काहीतरी झाले. त्यांचा मागमूस राहिला नाही. लाकडी स्लीपरांनाही सागवान किंवा साल असल्यामुळे भाव होता. लिलावातून ते वखारींत आणि तिथून बाकांत, दारांच्या चौकटींत गेले. इथे मात्र माझे कौतुक थोडे थांबते. वाळवी आणि पाण्यापासून वाचवण्यासाठी बरेच स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरवलेले असत, आणि ते तेल विषारी आहे. बागेच्या कडेला बांध म्हणूनही ते बरे नव्हे, मग जेवणाच्या टेबलाचे काय सांगावे. जे जे पुन्हा वापरता येते ते ते कुठेही वापरावे असे नसते.

आज आपल्या पायाखालचा स्लीपर आहे तो काँक्रीटचा. वजन अडीचशे किलोहून जास्त, त्यामुळे मार्ग उन्हात फुगून सहसा वाकडा होत नाही. आत तीन-तीन तारांच्या पिळाच्या अठरा वाद्या ताणून धरलेल्या असतात आणि त्या ताणाने काँक्रीट सतत आवळलेले राहते. उत्तम वस्तू. पण हाच स्लीपर निकामी झाला की त्याचे करायचे काय? फोडायला घेतला तर त्या ताणलेल्या तारा सहज सुटत नाहीत. काँक्रीट पुन्हा सिमेंट होत नाही. पेण ते रोहा सुमारे 40 किलोमीटर. एका मार्गाला साठ-सत्तर हजार स्लीपर होतात आणि आता मार्ग दुहेरी आहे. स्लीपरांचे आयुष्य 50 वर्षे धरले तरी आज घातलेल्यांचा प्रश्न आपल्या नातवंडांच्या दारात येणार आहे. उठवलेले स्लीपर सध्या नाल्याच्या कडेला, उतार धरून ठेवायला, पायवाटेला वापरले जातात. ते ठीक आहे. पण रुळाला मिळाली तशी पायरीपायरीची उतरंड काँक्रीटला अजून मिळालेली नाही, हे नोंदवायला हवे.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ पुनर्वापर कोणाच्या नजरेतही भरत नाही. तो खडीचा.

स्लीपरखाली साधारण 30 सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर असतो. एकेरी मार्गाला किलोमीटरमागे दोन हजार घनमीटरच्या आसपास खडी लागते. ती कशी असावी याचे नियम काटेकोर आहेत. 65 मिलिमीटरच्या चाळणीवर पाच टक्क्यांहून जास्त राहता कामा नये, 20 मिलिमीटरच्या चाळणीतून जवळजवळ काहीच खाली पडता कामा नये. घर्षणाच्या चाचणीत 30 टक्क्यांहून जास्त झिजू नये, आघाताच्या चाचणीत 20 टक्क्यांहून जास्त फुटू नये, पाणी एक टक्क्याहून जास्त पिऊ नये. आणि प्रत्येक दगडाला कोपरे हवेत. कोपऱ्याने कोपरा अडतो, म्हणून धावत्या गाडीखाली थर सरकत नाही. मध्ये फटी राहतात, म्हणून पाणी खाली निघून जाते आणि थर किंचित दबून पुन्हा सावरतो. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट या कामाला जणू जन्मलेला आहे.

पण खडी मळते. दगडाला दगड घासून भुकटी होते, मालगाड्यांतून धूळ सांडते, आणि पावसाळ्यात खालची ओली माती गाडीच्या प्रत्येक दाबाबरोबर वर चढते. पेणच्या बाजूच्या खारपट्ट्यात माती चिकट, पाऊस रायगडचा. फटी बुजल्या की पाणी अडते, पाणी अडले की चिखल उसळतो आणि मार्ग बसतो. तेव्हा उपाय दोन. नवी खडी आणून ओतायची, किंवा आहे तीच उचलून चाळायची.

रेल्वे चाळते. पूर्वी गँग हे हाताने करीत. मुकादम पुढे उभा, दोन स्लीपरांमधली खडी पंजाने ओढून काढायची, तारेच्या जाळीवर फेकायची, माती खाली गाळायची आणि चांगले दगड घमेल्याने पुन्हा जागेवर टाकायचे. ही जागा उरकून पुढची. उन्हात केलेले हे काम फार कष्टाचे, आणि त्याची नोंद मार्गाच्या सरळपणाखेरीज कुठेच राहत नसे. आता यंत्र आहे. त्याला बीसीएम म्हणतात. ब्लॉक घेतला की ते मार्गावर उभे राहते, रूळ आणि स्लीपर किंचित उचलून धरते आणि दात बसवलेली एक साखळी खालून आडवी फिरवते. ती साखळी थर खरवडून वर आणते. वर थरथरणाऱ्या चाळण्या असतात. त्यांतून भुकटी आणि माती वेगळी होऊन बाजूला भिरकावली जाते आणि धुतल्यासारखे निघालेले दगड यंत्राच्या पोटातून पुन्हा स्लीपरखाली पडतात. यंत्र पुढे सरकते. मागे जो मार्ग उरतो त्यावरून पहिली गाडी अगदी सावकाश सोडतात. कमी पडेल तेवढीच नवी खडी वरून टाकतात.

यात सौंदर्य कसले, असे कोणी विचारेल. जो दगड कुठल्याशा डोंगरातून एकदाच फोडून आणला, तो जागचा न हलता पुन्हा कामाला लागतो, हे सौंदर्य. त्याला ट्रक लागत नाही, भट्टी लागत नाही, कारखाना लागत नाही. पनवेल-उरणच्या बाजूचे खाणींनी अर्धे खाल्लेले डोंगर ज्याने पाहिले आहेत त्याला चाळून परत टाकलेल्या प्रत्येक घमेल्याची किंमत कळेल. पुनर्वापराची प्रत ठरवायची तर वस्तूला तिच्या दुसऱ्या कामापर्यंत किती प्रवास करावा लागला हे पाहावे. खडीचा प्रवास दोन हातांचा आहे.

जी नवी खडी लागतेच, तिलाही कदाचित पर्याय आहे. याच मार्गाच्या शेजारी, पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी, डोलवीचा जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे. पूर्वी तो इस्पात इंडस्ट्रीजचा होता. पोलाद करताना स्लॅग, म्हणजे धातूचा मळ, निघतो, आणि तो एक प्रकारचा नसतो. झोतभट्टीतून निघतो तो वेगळा. त्यावर पाण्याचा मारा केला की तो काचेसारख्या वाळूचे रूप घेतो आणि दळून सिमेंटात जातो. त्याची मोठी मागणी आहे. पोलाद शुद्ध करताना निघतो तो मात्र जड, दगडासारखा आणि हट्टी. त्यात मोकळा चुना असतो. पाणी मिळाले की तो चुना फुगतो, म्हणून ताजा स्लॅग कुठे घातला तर तो नंतर वर उचलतो, तडे पाडतो. त्याला उघड्यावर पाणी खायला ठेवून, फुगायचे तेवढे आधीच फुगू देऊन, मग फोडून चाळून घ्यावे लागते.

तसे करून डोलवीच्या सुमारे 80 हजार टन स्लॅगची खडी तयार झाली आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात एक किलोमीटर लांबीचा चौपदरी रस्ता तिच्यावर बांधला गेला. तंत्र केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे. जानेवारी 2024 मध्ये नीती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. सारस्वत यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महामार्गावरचा देशातला हा पहिला स्लॅगचा तुकडा. ज्या महामार्गाच्या खड्ड्यांनी कोकणी माणसाच्या पिढ्या हैराण केल्या, त्याच महामार्गावर हा प्रयोग व्हावा याचे मला विशेष वाटते.

नागोठण्याचेही असेच. तिथल्या रिलायन्सच्या कारखान्यात, जो आधी आयपीसीएलचा होता, डांबरात सुमारे 50 टन टाकाऊ प्लॅस्टिक मिसळून 40 किलोमीटरच्या आसपास रस्ते केले गेले. प्रयोग चांगला आहे. पण प्रमाण पाहावे: किलोमीटरला सव्वा टन. शिवाय डांबरात विरघळलेले प्लॅस्टिक पुन्हा वेगळे होत नाही. त्याचा हा शेवटचा मुक्काम. प्लॅस्टिकचा दमदार उपयोग मला दिसतो तो रेल्वेच्या पुलांवर. जिथे खडी नसते, स्लीपर थेट पोलादी गर्डरवर बसतात, तिथे काँक्रीट चालत नाही. ते फार जड आणि फार ताठ. तिथे बहुधा लाकूड लागत असे. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या शेरिंग्टन पुलावर 2021 साली नेटवर्क रेलने पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचे स्लीपर बसवले. ते कुजत नाहीत, लाकडासारखे कापता आणि भोकता येतात, आणि निकामी झाले की वितळवून पुन्हा स्लीपर करता येतात. कोकणच्या पावसात लाकडाचे काय होते हे जाणणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. हे प्लॅस्टिक शाडूच्या जातीत जाऊन बसले.

मग डोलवीचा स्लॅग शेजारच्या रुळांखाली का जाऊ नये? अमेरिकेतल्या रेल्वेमार्गांनी पोलाद कारखान्यांचा स्लॅग खडी म्हणून भरपूर वापरलेला आहे. त्याला कोपरे चांगले असतात, तो बसाल्टपेक्षा जड असतो, म्हणून मार्ग जागेवर घट्ट धरतो. अडचण दुसरी आहे. अनेक ठिकाणी सिग्नल चालतो तो रुळांतून वाहणाऱ्या बारीक विजेवर. गाडीचा आस दोन रूळ जोडतो, वीज तिकडून वळते आणि मागचा सिग्नल लाल होतो. स्लॅगमध्ये लोखंडाचे कण राहिले तर पावसात भिजलेला थर स्वतःच वीज वाहू लागेल आणि गाडी नसताना सिग्नल लाल होईल. म्हणजे चुंबकाने कण काढले पाहिजेत, चुना पुरता फुगवून संपवला पाहिजे, झीज आणि आघाताच्या चाचण्या बसाल्टसारख्याच पार केल्या पाहिजेत.

प्रवासी गाड्यांच्या मार्गावर हे पहिल्यांदा करावे असे मी म्हणणार नाही. पण पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांची वेगळी लाइन गेलेली आहे. कारखान्यांच्या सायडिंग आहेत. तिथे वेग कमी, आणि जिथे डब्यांचे आस मोजणारी यंत्रे असतील तिथे रुळांतल्या विजेचा प्रश्नच येत नाही. रुळाच्या उतरंडीने घालून दिलेला धडा हाच आहे की नव्या किंवा जुन्या, कोणत्याही वस्तूला आधी कमी जोखमीच्या जागी उभे करावे. डोलवीपासून हाकेच्या अंतरावर, दोनचारशे मीटरच्या एखाद्या सायडिंगला धुतलेला, मुरलेला, चुंबकाखालून गेलेला स्लॅग घालावा. शेजारच्या तेवढ्याच लांबीला बसाल्ट ठेवावा. रायगडचे तीन-चार पावसाळे जाऊ द्यावेत, मग दोन्हीकडची खडी चाळून भुकटी किती निघते ते तोलावे.